न आलेला हात

आधीच सांगून ठेवतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी बोंब आहे. शाळा आठवीत सुटली, पुढं कुणी कान धरला नाही. शब्दही साधेच येतात. मिरजेच्या एका तालमीत जे घडलं ते घडलं तसं लिहितोय. चुकेल तिथं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

"...मग याचं नाव काय ठेवायचं, वस्ताद?"

वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून मूठभर तांबडी माती बोटांत चुरत होते.

"कुणाचं?"

"नाटकातल्या माझ्या पात्राचं," चनाप्पा म्हणाला.

"आलंय का ते?"

चनाप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"पाळणा हलायचा पत्ता न्हाई, आन् हा घुगऱ्या वाटत निघालाय," वस्ताद म्हणाले.

भोवतीची नाटकाची मंडळी हसली. चनाप्पाही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

दस्तगीर वस्ताद म्हणजे त्या तालमीचे शेवटचे वस्ताद. कुस्ती खेळायला आता कुणी येत नव्हतं. पोरं पलीकडच्या गल्लीतल्या जिममध्ये आरशासमोर दंड फुगवत. हौद्यातली माती सुकून भेगाळायला लागली, तेव्हा प्रायोगिक नाटक करणारी काही मंडळी जागा मागायला आली होती.

वस्ताद त्यांना म्हणाले होते, "जागा घ्या. भाडं नको. पण मातीत उतरल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई."

त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. मंडळी बदलली, नाटकं बदलली. अट तीच राहिली. इथं आधी जोर, बैठका, दोरावर चढणं. मग माणसाचं चालणं, बसणं, ओझं उचलणं. पात्राचे पाय चालायला लागले की त्याला बोलायला मिळे. नाव सगळ्यात शेवटी. तोवर त्याला नुसतं 'तो' म्हणायचं, बाई असली तर 'ती'.

पायांची परीक्षा घ्यायची वस्तादांची एक रीत होती. फळी ओढून हौद्यातली माती सारखी करायची आणि वर पाण्याचा हबका मारायचा. वस्ताद भिंतीकडं तोंड करून बसत. नट पात्र होऊन हौदा एकदा ओलांडून जाई. मग वस्ताद वळत. नटाकडं बघत नसत. मातीत उठलेली पावलं बघत.

"तोंड खोटं बोलतं," ते म्हणत. "डोळं त्याच्यापेक्षा जास्त. पायाला तेवढी अक्कल नसती."

नवं नाटक मंडळींनी मिळून रचलं होतं. गुऱ्हाळावर काम करणारा एक माणूस. चरकाच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात ओढला जातो. तुटत नाही. खांद्यापासून नुसता लोंबत राहतो, असून नसल्यासारखा. शेवटी त्याची लहान मुलगी विहिरीत पडते. काठावर तो एकटाच. दोर आहे, हात एक.

मुलगी वर येत नाही. नाटक तिथं संपतं.

हा माणूस चनाप्पाच्या वाट्याला आला होता.

चनाप्पा तंबोऱ्याच्या कारखान्यात कामाला होता. वाळलेले भोपळे घासून गुळगुळीत करायचे, हे त्याचं काम. मुलखाचा लाजरा. मंडळीतले बाकीचे कॉलेज केलेले, पुस्तकांची नावं घेत वाद घालणारे. ते बोलायला लागले की चनाप्पा कोपरा धरून बसे. त्याला वाटे, आपल्यापाशी शब्द नाहीत, पण अंग आहे. मेहनतीत आपल्या जवळपास कुणी येणार नाही.

हे त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. म्हणून त्याचा गर्व कुणाला दिसला नाही. त्यालाही नाही.

"मग मी आता काय करू, वस्ताद?"

वस्तादांनी मुठीतली माती हौद्यात सोडली.

"त्याचा हात शोध."

"म्हंजी?"

"मी विजापूरला चाललोय, लेकीकडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. एक काढला की दुसरा काढणार. उन्हाळा तिकडंच जाईल."

"आन् माझं?"

"आल्यावर बघतो," वस्ताद म्हणाले. "दिसायला लागलं की."

*

चनाप्पानं घरी येऊन आईच्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडली आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"हे कशाला रं?"

"बांध."

"काय बांधू?"

"उजवा हात. अंगासरशी. घट्ट."

आईनं भाकरीचा हात पदराला पुसला. "लागलंय व्हय कुठं?"

"न्हाई गं. नाटकातल्या माणसाचा हात गेलाय."

आई त्याच्याकडं बघत राहिली.

"त्याचा गेलाय तर त्याच्या आईनं बांधावा की," ती म्हणाली.

पण बांधला.

पहिले काही दिवस हाल झाले. डाव्या हातानं भाकरी मोडेना. सदऱ्याचं बटण लागेना. पायजम्याची नाडी दातात धरून ओढावी लागे. रस्त्यात तोल उजवीकडं जाई. कारखान्याच्या मालकानं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाटक होईस्तोवर घरी बस," मालक म्हणाला. "पण भोपळा दोन हातांनी घासतात, एवढं ध्यानात असू दे."

चनाप्पानं मान हलवली. तो ऐकत नव्हता. डाव्या हातानं शिडी कशी चढता येईल, याचा तो विचार करत होता.

संध्याकाळी तालमीत रत्नमाला भेटली. ती शिवणकाम करून पोट भरायची आणि नाटकात त्याची बायको होती. जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार.

"अगं बाई," ती म्हणाली, "नवरा मिळाला तो पण अर्धाच! उरलेला कुठं गहाण टाकलास?"

चनाप्पानं पायाच्या बोटांत काडेपेटी धरून डाव्या हातानं काडी ओढली. पेटली.

रत्नमालेचं हसू ओसरलं.

मग तो रोज नवं काही करून दाखवायला लागला. करून दाखवायचं म्हणून करत नव्हता, असं तो स्वतःला सांगे. चूळ भरणं, चप्पल शिवणं, सुतळीला गाठ मारणं. झोपतानाही पट्टी सुटली नाही. कुशीवर वळताना हात अंगाखाली दबे, कळ डोक्यापर्यंत जाई. चनाप्पा ती कळ दातांखाली धरून पडून राही. त्याला बरं वाटे. आपण काहीतरी देतोय असं वाटे.

कॉलेजवाले त्याच्याभोवती जमू लागले.

"चनाप्पा, हे तुला जमतं तरी कसं?"

"आम्ही नुसते वाचतो रे. करतोस तू."

चहाच्या वेळी तो आता कोपऱ्यात बसत नसे. त्याला मध्ये जागा करून देत.

तालमीच्या आढ्याला पैलवानांचा जुना दोर होता. तोच आढ्यावरून सोडून नाटकात विहिरीचा दोर केला होता. टोकाला वाळूचं पोतं बांधलेलं, तीच मुलगी. चनाप्पा डाव्या हातानं दोर ओढी, मग दातांत धरी, पायाच्या बोटांत अडकवी, पुन्हा हात वर नेई. पोतं जमिनीवरून उचललं जाई. गुडघ्यापर्यंत येई. एके दिवशी छातीपर्यंत आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पट्टी फक्त आंघोळीला सुटे. सुरुवातीला हात मोकळा झाला की आपोआप साबणाकडं जाई. चनाप्पा त्याच्यावर डाफरे, "ए! तू मेलायस!" हात मागं येई. उन्हाळा सरत आला तसा तो जायचाच थांबला. पट्टी सोडली तरी अंगाला चिकटून राही, होता तिथंच.

"शिकला!" चनाप्पा आईला कौतुकानं म्हणाला.

आईनं त्याचा दंड चाचपला.

"इथलं मांस कुठं गेलं रं?"

"पात्राला दिलं."

आई हसली नाही. तिनं पट्टीचं टोक उचललं आणि बराच वेळ तसंच हातात धरून ठेवलं. मग बांधली.

*

वस्ताद आले ते काळा चष्मा घालून. प्रयोग तोंडावर आला होता. नाट्यगृह ठरलं होतं, पाट्या रंगवून झाल्या होत्या. मंडळी त्यांच्या पाया पडली. प्रत्येकाच्या तोंडात एकच गोष्ट.

"चनाप्पाचं काम बघा, वस्ताद."

"बघू की," वस्ताद म्हणाले. "माती करा."

फळी फिरली. पाण्याचा हबका बसला. वस्ताद भिंतीकडं तोंड करून बसले. चनाप्पा सदऱ्याखाली हात बांधलेला असा हौदा ओलांडून गेला. डावीकडं किंचित कलता, पाय टाकून टाकून. त्याला स्वतःलाच कळलं की आपण छान चाललो.

वस्ताद वळले. चष्मा काढून खिशात ठेवला. पहिल्या पावलापाशी उकिडवे बसले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटपर्यंत गेले. परत आले.

"कोण गेलं इथनं?"

"तो, वस्ताद."

"झुकाव बरोबर हाय. टाच बरोबर." ते थोडं पुढं सरकले. "कुठं निघालाय हा?"

"घरी. गुऱ्हाळावरनं घरी."

"घरी कोण?"

"बायको. लेक."

वस्तादांनी एका पावलावर तळवा धरला. टेकवला नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्याला कुठं जायचं न्हाई. ह्याचं सगळं पोचलंय."

कुणाला काही समजलं नाही. चनाप्पा वाकून आपलीच पावलं न्याहाळायला लागला.

"विहिरीचं दाखवा," वस्ताद म्हणाले.

दाखवलं. रत्नमालेनं विंग मानलेल्या कोपऱ्यातून हंबरडा फोडला. चनाप्पा दोराशी झोंबला. हात, दात, बोटं. हात, दात, बोटं. ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं. पोतं छातीपर्यंत आलं, थरथरलं आणि धाडकन खाली गेलं. चनाप्पा दोराखाली कोसळला.

रत्नमालेचे डोळे खरोखर भरले होते. एक पोरगा भिंतीकडं तोंड करून नाक पुसत होता.

सगळे वस्तादांकडं बघायला लागले.

"वा!" वस्ताद म्हणाले. "सर्कसवाले घेतील तुला."

चनाप्पा उठून उभा राहिला.

तो आयुष्यात कुणाशी वर तोंड करून बोलला नव्हता. आता बोलला. आवाज फाटत होता, पण थांबला नाही.

"वस्ताद, उन्हाळाभर बांधलाय मी हा. जेवताना सोडला न्हाई, झोपताना सोडला न्हाई. कामावर गेलो न्हाई. घरात आई एकटी राबती. ह्या शिकलेल्यातल्या एकानं तरी केलं असतं का हे? सांगा की! केलं असतं?"



वस्ताद त्याच्याकडं बघत होते. नव्या डोळ्यांनी.

"बांधायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. हात शोध म्हणाला."

"शोध म्हणालो मी."

चनाप्पाचा डावा हात सदऱ्याखालच्या पट्टीवर गेला.

"सोड पट्टी," वस्ताद म्हणाले.

रत्नमालेनं सदरा वर करून पट्टी सोडवली. वेढ्यावर वेढे निघाले. कातडीवर त्यांचे वळ होते. डावा दंड पैलवानाचा, उजवा कुणा आजारी पोराचा वाटावा असा. हात होता तिथंच राहिला.



वस्तादांनी चष्मा चढवला.

"चल, मला दारापतोर सोड. बाहेरचं ऊन डोळ्याला सोसत न्हाई अजून."

चनाप्पा त्यांच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला, म्हणजे डावा हात देता येईल.

"तिकडनं नको," वस्ताद म्हणाले. "ह्या बाजूनं चल."

आता वस्ताद त्याच्या उजवीकडं होते. दोघं दारापर्यंत गेले. दारापुढं दगडी पायऱ्या आहेत, उंच आणि झिजलेल्या.

वरच्या पायरीवर वस्तादांचा पाय सुटला.

मातीत उभं आयुष्य काढलेला माणूस. त्याचा पाय असा सुटेल हे कुणाला खरं वाटलं नाही. रत्नमाला तर आजही म्हणते, सुटला नाही, त्यांनी सोडला.

चनाप्पा गर्रकन वळला. त्याचा डावा हात छातीवरून पलीकडं झेपावला. वस्ताद त्याच्या उजव्या हाताच्या बोटांशी होते. मूठ मिटली असती तरी सदरा हाती आला असता.

उजवा जागचा हलला नाही.

वस्ताद खाली गेले. त्यांनी जमिनीवर हात टेकला, आणि मनगट मोडल्याचा आवाज दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला.

मंडळी धावली. वस्तादांनी चांगला हात वर केला.

"थांबा."

सगळे थांबले. चनाप्पा पायरीवर उकिडवा बसला होता.

"डावा आला," वस्ताद पडल्या पडल्या म्हणाले.

"वस्ताद, तुमचा हात..."

"लांबनं आला. उजवा जवळ होता. तो का आला न्हाई?"

"तो तर मेलेला..."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

"कुणाचा?" वस्तादांनी विचारलं.

"त्याचा. माझा न्हाई. माझा बांधलेला होता."

"पट्टी कुठाय?"

चनाप्पानं मागं वळून बघितलं. पट्टी रत्नमालेच्या हातात होती.

*

हाडाच्या डॉक्टरांनी वस्तादांच्या मनगटाला प्लास्टर घातलं. मग रत्नमाला म्हणाली, "ह्याचा पण बघा की जरा." डॉक्टरांनी चनाप्पाचा उजवा हात कोपराखाली धरून वर नेला. बरगडीच्या थोडा वर गेला आणि अडकला. आणखी नेला तेव्हा चनाप्पा ओरडला.

"खांदा धरलाय," डॉक्टर म्हणाले. "पडला होतास?"

"न्हाई."

"मग झालं कशानं?"

चनाप्पानं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्याकडं, मग वस्तादांकडं, मग पुन्हा त्याच्याकडं बघितलं. मग कागद पुढं ओढला.

"शेक, व्यायाम, रोजच्या रोज," शेवटी ते म्हणाले. "बरेच महिने."

"पहिल्यासारखा होईल?"

"बघू."

"मला भोपळं घासायचं असत्यात..."

"म्हटलं ना, बघू. आज सांगता येत नाही."

रत्नमाला औषधं आणायला गेली. दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोघंच राहिले. एकाचा हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्याचा नुसता लोंबणारा. समोरून जाणारे येणारे बघून पुढं जात होते.

"चुकलं कुठं माझं, वस्ताद?"

"ज्याचा हात गेला, त्यानं कधी बांधला होता?"

"न्हाई."

"का न्हाई?"

चनाप्पा डाव्या हातानं उजवा खांदा चोळायला लागला.

"सकाळी त्याचा डोळा उघडतो," वस्ताद म्हणाले, "तवा त्याच्या ध्यानात नसतं. तहान लागलेली असती. हात तांब्याकडं निघतो. आन् निघतच न्हाई. मग त्याला आठवतं." ते थोडं थांबले. "लोकांना वाटतं, त्याचा हात चरकात गेला. तो रोज सकाळी जातो, लेका. रोज."

चनाप्पाचा चोळणारा हात थांबला.

"पोरगी पाण्यात हाय. तो दोन्ही हात धाडणार. पोचणार एक. दुसरा पोचला न्हाई, हे त्याला तिथं, काठावर कळणार." वस्तादांनी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "तू एकच धाडलास."

"मला वाटलं मी भोगलं."

"भोगलंस की. तुझं तू भोगलंस."

"आन् त्याचं?"

"त्याचं नको म्हणून तर पट्टी बांधलीस."

चनाप्पा पायाखालच्या फरशीकडं बघत म्हणाला, "तुम्ही असता तर थांबवलं असतंत."

"नव्हतो," वस्ताद म्हणाले. "जाताना एक वाक्य टाकून गेलो."

त्यांनी प्लास्टरचा हात थोडा उचलला.

"त्यातला माझा वाटा हा."

रत्नमाला पुड्या घेऊन आली. दोघांची तोंडं बघून तिनं थट्टा गिळली. मग राहवलं नाही म्हणून हळूच विचारलं, "प्रयोगाचं काय करायचं, वस्ताद? पाट्या लागल्यात. दुसऱ्या कुणाला उभं करायचं असंल तर आत्ताच..."

चनाप्पानं मान वर केली. पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसणं आता त्याला जमणार नव्हतं. कारखान्यात जाणंही जमणार नव्हतं. दोन्हीकडं पाठ करून तो जिथं उभा होता, तेवढी एकच जागा त्याच्यापाशी उरली होती.

"उद्या सकाळी माती कर," वस्ताद त्याला म्हणाले. "पाय बघून सांगतो."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चनाप्पाचा डोळा उघडला तेव्हा उजाडत होतं.

घसा कोरडा पडला होता. उन्हाळाभर आई तांब्या त्याच्या डाव्या हाताला ठेवत आली होती. आज तो उजव्या हाताला होता. जुन्या सवयीनं ठेवला, की मुद्दाम, ते तिलाच ठाऊक.

अंगावर पट्टी नव्हती. अजून झोप पुरती उतरली नव्हती. त्यानं पाणी घ्यायला हात पुढं केला.

हात निघाला नाही.

खांद्यात काहीतरी ओढलं गेलं, मानेपर्यंत कळ आली, बोटं गोधडीवर जराशी वळवळली. तांब्या वीतभर अंतरावर होता. त्याच्या गळ्यावर पाण्याचे थेंब होते.

चनाप्पा त्या तांब्याकडं बघत राहिला.

आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं मागं बघितलं नाही. काठवटीतलं पीठ मळायचा आवाज मात्र थांबला होता.

डाव्या हातानं तांब्या उचलणं त्याला आता खेळ होता. त्यानं उचलला नाही. उजव्याला पुन्हा सांगितलं. ये. हात आला नाही. पुन्हा सांगितलं. ज्या हातावर तो डाफरत होता, त्या हाताला त्यानं बाबापुता केलं. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, तेही पुसायला उजवाच उठू पाहत होता.

पाणी न पिताच तो उठला. आई म्हणाली, "भाकरी खाऊन जा." तो तसाच गेला.

तालमीत वस्ताद एकटेच होते. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून भिंतीकडं तोंड करून बसलेले. चनाप्पानं डाव्या हातानं फळी ओढली. माती नीट सारखी होईना. झाली तशी झाली. पाण्याचा हबका मारला.

"निघू, वस्ताद?"



तो निघाला. मध्यावर वरून दोर लोंबत होता. तिथं थांबायचं ठरलं नव्हतं. थांबला. वर बघितलं आणि दोन्ही हातांना एकदमच सांगितलं.

डाव्यानं दोर धरला.

उजवा कमरेवरून निघाला, बरगडीशी आला आणि तिथं थांबला. बोटं उघडी, थरथरत. दोर त्याच्या तोंडासमोर होता. दातांत धरता आला असता. चनाप्पाला दात आठवलेच नाहीत. तो त्या बोटांकडं बघत उभा राहिला... येतील म्हणून.

मग दोर सुटला. तो पलीकडच्या काठावर गेला.

वस्ताद वळले. चष्मा काढला. पहिली पावलं त्यांनी भरभर पाहिली. मधल्या पावलापाशी बसले. दोराखालचं ते पाऊल बाकीच्यांसारखं नव्हतं. टाच खोल रुतली होती, बोटांनी माती नांगरून काढली होती, आत पाणी जमलं होतं. त्याच्यापुढची पावलं लहान होती, एकमेकांना खेटून पडलेली.



बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

प्रयोगात मी उभा राहू का, एवढंच चनाप्पाला विचारायचं होतं. वाटेनं येताना तेच घोकत आला होता. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर पडलं.

"वस्ताद... येईल ना हात?"

वस्तादांनी पावलावरची नजर काढली नाही.

"हे तू विचारलंस," ते म्हणाले, "का त्यानं?"